चौथ्या गल्लीचं तळं

वेनिंगने त्याचा हात धरला, एकदा वरखाली हलवला आणि सोडून दिला. एवढंच. दुपारी सव्वाच्या सुमारास, शाळेच्या फाटकासमोर, मुलं घरी निघालेली असताना. हार्सोयोने आपला हात नेहमीसारखा सैल, तळवा खाली करून पुढे केला होता. सव्वीस वर्षं तो असाच पुढे करत आला होता, आणि शिकवलेलं पोर पोलिसात लागलेलं असो की बंदरावर मुकादम झालेलं असो, 'पाक गुरू', म्हणजे गुरुजी, म्हणत वाकून तो हात कपाळाला लावत होतं. वेनिंग वाकली नाही. कचेरीतल्या अनोळखी माणसाशी करतात तसं तिने हस्तांदोलन केलं. हार्सोयोचा हात क्षणभर हवेतच राहिला. मग त्याचं काय करावं हे न सुचून त्याने तो शर्टाच्या खिशावर ठेवला, काही शोधत असल्यासारखा.

"जेवलीस का? आई कशी आहे?" त्याने विचारलं.

"आई भट्टीपाशी. मासे धुरवतेय, दुसरं काय करणार? पाक गुरू, बुधवारी आमची तारीख आहे. चौथ्या गल्लीची."

"ऐकलं मी."

"ऐकलंत, पण आला नाहीत कधी. असू दे. मला दोनच गोष्टी विचारायच्यात." तिने बोटं मोजली, तेराव्या वर्षी मोजायची तशीच. "एक, त्या दिवशी आईबापांच्या सह्या घेतल्या तेव्हा कागदाचा माथा कोरा होता. तुम्हीच कागद फिरवत होतात. हे कोर्टात सांगाल का? आणि दोन, माझा लाल ठोकळा. मी ठेवला होता, पाक. आदल्या संध्याकाळी, आईशी बोलून आल्यावर. सकाळी तो नव्हता. सगळ्यांच्या आधी संगणक तुम्ही लावायचात. तुम्ही पाहिला होता का तो?"

फाटकाबाहेर तळलेल्या टोफूची गाडी होती, आणि गाडीवाला उगाच इकडे बघतो आहे असं हार्सोयोला वाटलं. "आठ वर्षं झाली गं," तो म्हणाला. "आठवून बघावं लागेल."

"आठवा," वेनिंग म्हणाली आणि मोटरसायकलला लाथ मारून निघून गेली.

आठवायचं काय होतं त्यात? बसमध्ये बसल्यावर हार्सोयो स्वतःशीच चिडून म्हणाला. माणसाला काही गोष्टी आठवाव्या लागतात आणि काही गोष्टी पोटात घर करून बसलेल्या असतात. त्यांना भाडंही द्यावं लागत नाही. आठ वर्षांपूर्वी जाकार्ताच्या एका संस्थेने त्याच्या शाळेला बारा संगणक दिले. त्यांच्यात ठोकळ्यांची दुनिया होती. पडद्यावर मोकळी जमीन, आणि त्यावर मुलांनी ठोकळ्यावर ठोकळा ठेवून आपलं गाव, तांबाक वुंगू, उभं करायचं: गल्ल्या, मशीद, मासे धुरवण्याच्या भट्ट्या, आणि रोज दुपारी भरतीबरोबर दारात येणारं समुद्राचं पाणीसुद्धा. पुढे काय बांधायचं, काय पाडायचं, हे मुलांनीच आपापसात ठरवायचं. तरुणांचा नागरी सहभाग, असं पत्रात लिहिलं होतं. हे काम हार्सोयोच्या गळ्यात पडलं, कारण नागरिकशास्त्र तो शिकवायचा आणि दुसऱ्या कुणाला ते नको होतं. तोवर त्याचं नागरिकशास्त्र म्हणजे घोकंपट्टी. आमच्या देशात निर्णय चर्चेने आणि एकमताने होतात, असं तो म्हणायचा, आणि चाळीस मुलं खाली माना घालून तेच म्हणायची. मान वर करून गुरूकडे बघणं त्यांच्या घरी उद्धटपणात जमा होतं. हार्सोयोलाही ते बरंच होतं. वर बघणाऱ्या मुलांना उत्तरं द्यावी लागतात.

पण त्या दुनियेत हार्सोयोच्या नावाने हिंडणारा पुतळाही मुलांच्या पुतळ्यांएवढाच उंच होता. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, तो खेळच तसा होता. तरी पहिल्या आठवड्यातच काहीतरी सैल झालं. वर्गात ज्यांचा आवाज त्याने तीन वर्षांत ऐकला नव्हता ती पोरं टकटक लिहू लागली. पाक, तुमचा रस्ता चुकलाय. पाक, इथे पाणी तुंबेल. गिलांग नावाचा पोरगा तर एकदा चक्क त्याच्या डोक्यावर चढून उभा राहिला आणि तिथून भाषण करू लागला. हार्सोयो हसला होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. मुलं बांबू घेऊन खऱ्या गल्ल्यांतून फिरली, कुणाच्या चौकटीवर पाण्याची रेघ किती वर आहे ते मोजून आली आणि खेळात तेवढंच पाणी सोडलं. गिलांगने शेजाऱ्याच्या तळ्यातले मासे चोरले तेव्हा त्याच्यावर रीतसर खटला भरला. शिक्षा म्हणून तीन दिवस गटारं उपसायची. आणि पुढच्या रविवारी ही सगळी टोळी, कुणी न सांगता, खऱ्या दुसऱ्या गल्लीचं खरं गटार उपसायला गेली. गुडघाभर काळ्या चिखलात ती उभी होती आणि कुणाचं काय चुकतंय यावर तावातावाने वाद घालत होती. हार्सोयो पुलावरून बघत होता. आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शिकवलं असं त्याला त्या दिवशी वाटलं, आणि ते खरंच होतं. म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागतं. जो मुळातच भामटा असतो त्याला निदान आपण कधी चांगले होतो याचा त्रास होत नाही.

लाल ठोकळ्याचा नियम वेनिंगचा. मोठ्यांच्या सभा तिने आईच्या मांडीवर बसून पाहिल्या होत्या. वॉर्डाचे प्रमुख, पाक लुराह, बोलायचे, मग विचारायचे, "एकमत?" आणि सगळे म्हणायचे, "एकमत," आणि चहा यायचा. "पाक," वेनिंगने विचारलं होतं, "ज्याला पटलं नाही त्याने काय करायचं?" हार्सोयोने पुस्तक चाळल्यासारखं केलं. पुस्तकात ते नव्हतं. मग तिनेच सुचवलं: ज्याला पटत नाही त्याने चौकात एक लाल ठोकळा ठेवायचा. बोलायची लाज वाटत असेल तर बोलू नये, नुसता ठेवावा. तो असेपर्यंत काम पुढे जायचं नाही. सगळ्यांनी त्याचं ऐकून घ्यायचं, आणि ज्याने ठेवला त्यानेच तो आपल्या हाताने उचलायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. एकदा एका शेवग्याच्या झाडासाठी लाल ठोकळा नऊ दिवस राहिला होता. मुलं वैतागली, रडकुंडीला आली, पण हात कुणी लावला नाही. शेवटी झाड वाचलं आणि रस्त्याला वळण पडलं. हा किस्सा हार्सोयोने पुढे जाकार्तात, बांडुंगमध्ये, माकासारला, गार हॉटेलांच्या सभागृहांत किमान तीस वेळा सांगितला. एका मुलाचा एक ठोकळा, तो म्हणायचा, अख्ख्या गावाला थांबवू शकतो. इथे तो थांबायचा, आणि टाळ्या यायच्या.

मग तळं आलं. पाण्याला कुठेतरी जागा दिल्याशिवाय गाव वाचत नाही, हे मुलांनीच हिशोब मांडून काढलं, आणि सगळ्यात खोलगट जागा चौथी गल्ली निघाली. वेनिंगचं घर चौथ्या गल्लीत. तरीही ती स्वतःच उभी राहिली आणि म्हणाली, तळं इथेच हवं. आमची घरं खांबांवर चढवू, तळ्याच्या कडेने, आणि भट्ट्यांना मिळून एक ओटा बांधू, वाऱ्याच्या बाजूला. खेळात घर उचलून खांबांवर ठेवायला किती वेळ लागतो? एका दुपारी बासष्ट घरं चढली. फार देखणं झालं होतं ते. पाण्यात घरांची सावली पडायची. दुसऱ्या दिवशी जाकार्ताची मंडळी आणि पाक लुराह बघायला येणार होते, आईबापांना बोलावलं होतं. वेनिंग घरी गेली आणि आईला सगळं सांगितलं. आईने, बू साकिनाहने, भट्टीतला मासा उलटत फक्त एवढंच विचारलं असेल, खांब कोण देणार? वेनिंग परत आली. शाळेची किल्ली शिपायाकडे होती, त्याने तिला दहा मिनिटं आत सोडलं.

सकाळी साडेसहाला हार्सोयोने संगणक लावला तेव्हा चौकात मधोमध लाल ठोकळा होता. खाली पाटीवर तिने लिहिलं होतं: खांब कोण देणार ते आधी ठरवा, मग तळं. वेनिंग. नऊ वाजता पाहुणे येणार होते. लुराहांचा दोनदा फोन येऊन गेला होता, "सगळं तयार ना, पाक? बाहेरचे लोक आहेत, शोभा व्हायला नको." इथल्या माणसाला मोठ्यांपुढे जो संकोच वाटतो, वरच्याचं तोंड पडू नये म्हणून आपलं तोंड मिटून घ्यायची जी सवय असते, ती हार्सोयोच्या हाडात होती, वडिलांकडून आली होती, त्यांना त्यांच्या वडिलांकडून. त्या दुनियेत कुणाला न विचारता काहीही पुसायची मुभा फक्त गुरूला होती. बोट दाबलं, आणि चौक मोकळा झाला. पाहुणे गेले की तिला सांगू, त्याने ठरवलं. पाहुणे गेले. मग पुढच्या आठवड्यात सांगू असं ठरलं, मग सत्राच्या शेवटी, आणि मग तिची शाळाच संपली.

तिने त्या सकाळी चौकाकडे पाहिलं होतं. हार्सोयोला वाटलं, आता ही वर बघेल. तिने खाली पाहिलं, कळफलकाकडे, आपल्याच बोटांकडे. जतन करायचं विसरले, घाईत होते, असं तिने स्वतःला सांगितलं असणार, कारण गुरू ठोकळा उचलेल हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आणि ठोकळा नाही म्हणजे हरकत नाही, हा तर तिचाच नियम. मग ती पाहुण्यांपुढे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात तळं समजावून सांगितलं. मागे आईबाप कागदावर सह्या करत होते. माथा कोरा होता, कारण लुराहांच्या माणसाने म्हटलं होतं, "वर छापून घेऊ नंतर, हजेरीच तर आहे." तांबाक वुंगूत हजेरीच्या कागदाचा माथा कुणी वाचत नाही. सही केली की भाताचा डबा मिळतो, डब्यात कोंबडीची तंगडी असते, ती कुणी घरच्या लहानग्यासाठी ठेवतो. सव्वाशे सह्या झाल्या. सहा वर्षांनी त्या कागदाला माथा आला: रहिवाशांची संमती. सोबत मुलांच्या सभेचा ठराव, एकमताने. कचेरीच्या आराखड्यात तळं घेतलं होतं. तळ्याच्या काठाने फिरायचा रस्ता आला होता, दिवे आले होते, बाक आले होते. खांबांवरची बासष्ट घरं तेवढी कुठे दिसत नव्हती. तुमच्याच पोरांनी मागितलं होतं की, असं कचेरीत बू साकिनाहला सांगितलं म्हणे. तुमच्या वेनिंगनेच.

घरी त्याने बायकोला सांगितलं. म्हणजे कागदाचं सांगितलं. ठोकळ्याचं त्याने रेत्नोला कधीच सांगितलं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात तुमच्या मुख्याध्यापकपदाची ऑर्डर यायचीय," रेत्नो म्हणाली. ती पालक निवडत होती. "आणि तुम्ही आता निघालात कोर्टात."

"माथा कोरा होता, रेत्नो. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"मग सांगा. मी कुठे नको म्हणते? खोटं बोला असं मी कधी म्हटलंय? छापणारे ते, लपवणारे ते. तुमचा काय दोष त्यात?" तिने देठ मोडून टोपलीत टाकले. "फक्त स्वतःला मध्ये ओढून घेऊ नका. तुम्हाला सवय आहे, कुणी विचारलं नाही तरी बोलत सुटायची."

हे ऐकून त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तो स्वतःच दचकला. दुसऱ्याचा अपराध सांगायचं धैर्य आपल्यात आहे, हे त्याला त्या स्वयंपाकघरात कळलं. ऑर्डर गेली तर गेली, असंही तो मनात म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं. दोन दिवस तो ताठ मानेने वावरला. वर्गात एकमतावरचा धडा शिकवताना त्याने पुस्तक मिटलं आणि मुलांना विचारलं, "ज्याला पटलं नाही त्याने काय करायचं?" चाळीस माना खालीच राहिल्या. संगणकांची खोली आता सामानाची होती. मंगळवारी मधल्या सुट्टीत तो तिथे जाऊन आला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. संस्थेने आपलं काम संपल्यावर ती दुनिया बंद करून टाकली होती. पडद्यावर नुसतं राखाडी. म्हणजे कुठेही पुरावा नाही, असं एक वाक्य त्याच्या मनात आलं. चोराच्या मनात येतं तसं अगदी स्वच्छ आलं. त्याची किळस येऊन तो बाहेर पडला आणि नळाखाली हात धुतले.

बुधवारी सकाळी कोर्टाच्या खोलीत मागची बाकं चौथ्या गल्लीने भरली होती. बायकांनी ठेवणीतले कपडे घातले होते, तरी केसांतला धूर जात नाही. खोलीभर माशांचा खमंग, कडवट वास होता, आणि कचेरीच्या बाजूचा वकील रुमालाने नाक पुसत होता. हार्सोयोच्या डोक्यावर कुराण धरलं गेलं. त्याने शपथ घेतली. मग वेनिंगच्या बाजूच्या वकीलबाईंनी विचारलं आणि तो बोलला. कागदाचा माथा कोरा होता. हजेरी म्हणून सह्या घेतल्या. संमतीचा शब्दही निघाला नव्हता. लुराहांच्या कोणत्या माणसाने काय म्हटलं, तेही त्याने सांगितलं, नावानिशी. समोरच्या वकिलाने चिडून विचारलं, "तुम्ही शिक्षक आहात, पाक. कोरा कागद सहीला फिरवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?" हार्सोयो म्हणाला, "इथे सगळेच तसं करतात, साहेब. कदाचित तुम्हीही बाहेर तशीच सही करून आत आला असाल." मागे हशा पिकला. बू साकिनाहने ओढणीने डोळे टिपले. न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. हार्सोयोच्या अंगातून इतक्या वर्षांची भीती उतरत चालली होती, आणि ती उतरताना त्याला अगदी हलकं, तरुण वाटत होतं. वडिलांना हे जमलं नसतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"शेवटचा प्रश्न," वकीलबाई म्हणाल्या. "ठराव एकमताने झाला असं कागद सांगतो. मुलांच्या नियमाप्रमाणे एकाही मुलाचा लाल ठोकळा असेल तर ठराव होतच नव्हता. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी तुम्ही संगणक लावलात. चौकात लाल ठोकळा होता का?"

उत्तर तयार होतं. बसमध्ये येताना त्याने ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं होतं: होता. एकच शब्द. पण त्या शब्दामागून येणारा पुढचा प्रश्न आता त्याला स्पष्ट दिसला. मग तो उचलला कुणी? वकीलबाई विचारतील, नाहीतर समोरचा विचारेल, नाहीतर कुणीच विचारणार नाही आणि तिसऱ्या बाकावरून वेनिंग फक्त बघेल. ती पुढे सरकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेवग्याच्या झाडाच्या वेळी नऊ दिवस वाट पाहताना होता तसला, हट्टी, भाबडा धीर होता. मुलं यायच्या वेळी तर चौक मोकळाच होता, हार्सोयोच्या डोक्यात कुणीतरी म्हणालं. म्हणजे धडधडीत खोटं असं नाही. आणि कागदाचं आपण सांगितलंय, तेवढ्यावरही दावा उभा राहील. तेवढंही दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.

"नाही," तो म्हणाला. "चौक मोकळा होता."

वकीलबाईंनी कागदांवरून नजर न उचलता मान हलवली. समोरच्या वकिलाने पहिल्यांदाच काही लिहून घेतलं. पुढची तारीख पडली.

बाहेर व्हरांड्यात बायका त्याच्याभोवती जमल्या. कुणी त्याच्या बाहीला हात लावला, कुणी नुसतं हसलं. वेनिंग शेवटी आली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज नीट होता. "कागदाचं बोललात, पाक. फार मोठं काम केलंत. मी त्या दिवशी फाटकावर नीट बोलले नाही तुमच्याशी."

"असू दे गं."

"खरं सांगू? मला वाटायचं तुम्हीच काढला असेल तो." ती ओशाळून हसली. "आठ वर्षं मी आईशी भांडतेय, मी ठेवला होता, मी ठेवला होता म्हणून. डोळ्यांपुढे दिसायचा मला. पाटीवर काय लिहिलं तेसुद्धा आठवायचं. डोकं कसं खेळ करतं बघा माणसाशी." मग तिने मागे वळून आईला हाक मारली. "आई, माझंच चुकलं होतं गं. मी ठेवलाच नव्हता."

"तेरा वर्षांची होतीस," बू साकिनाह जवळ येत म्हणाली. "सोड आता ते. किती दिवस उगाळत बसणार?" तिने हातातल्या पिशवीतून केळीच्या पानात बांधलेलं पुडकं काढलं आणि हार्सोयोपुढे धरलं. "घरी न्या, पाक गुरू. सकाळच्या भट्टीतला आहे. आमच्या बाजूने आजपर्यंत कुणी बोललं नाही."

मासा अजून कोमट होता. हार्सोयोने तो दोन्ही हातांनी घेतला.